रेग टकवेलच्या शेजारची बाई

कॉम्ब्लीच्या दफनभूमीत एवढी माणसं एरवी कुणी मेल्यावरसुद्धा जमत नाहीत. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी मात्र अर्धं गाव कुंपणापाशी लोटलं होतं. म्हाताऱ्यांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, कुणीतरी थर्मासमधला चहा वाटत होतं, आणि सगळे डोळे गवतातून पाय घासत चाललेल्या एका माणसावर लागले होते. डेसमंड पार्फिट त्याचं नाव. कपड्यांच्या हँगरच्या काटकोनात वाकवलेल्या दोन तारा त्यानं दोन मुठींत पिस्तुलासारख्या पुढे धरल्या होत्या. डोळे अर्धवट मिटलेले आणि चेहरा असा, की परलोकातून याला खासगी फोन आलाय.

डेसमंड मूळचा शेजारच्या गावचा पाणाड्या. कुणाच्या शेतात पाणी कुठं लागेल, जुना नळ कुठून गेलाय, ते तो तारांवरून सांगायचा. त्या ओल्या देशात खोल खणत गेलं की कधी ना कधी पाणी लागायचंच, त्यामुळे त्याचं नावही झालं होतं. आता बढती घेऊन तो मढी शोधायला लागला होता. पैसे घेत नसे बिचारा. चहा, केक आणि ऐकायला माणसं, एवढ्यावर भागायचं त्याचं.

त्याला बोलावलं होतं ग्रामपंचायतीनं. दफनभूमी पंचायतीच्या ताब्यात, आणि जुना नकाशा ओल लागून गेलेला. पूर्वेकडची मोकळी जागा खरंच मोकळी आहे का, हे कुणाला सांगता येईना.

रेग टकवेलच्या थडग्याला लागून, नुसत्या गवतात, तारा थरथरल्या. मग हळूच एकमेकींकडे वळल्या आणि एकीवर एक आडव्या पडल्या.

"बाई आहे," डेसमंड पुटपुटला, पण पुटपुटणं शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल अशा बेतानं. "तरुण आहे. थांबा. एकटी नाही ती. कुशीत तान्हं आहे."

गर्दीतल्या बायकांचे हात तोंडावर गेले. पंचायत सदस्य कॉलिन येलंड हा चांगला आडदांड सुतार, पण त्याचेही डोळे भरून आले.

सरपंच जिलियन मॅबी तिथंच उभी होती. उभी हयात तिची शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेली, निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलेलं आणि अजून तिला 'बाई'च म्हणणारं. ती कपाळाला आठी घालून बघत होती. डेसमंडनं ते हेरलं आणि तारा तिच्याच हातात दिल्या.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका, बाई," तो म्हणाला. "स्वतः बघा. मी कोण? जमीन बोलते, मी नुसता कान देतो."

जिलियननं तारा धरल्या. चार पावलं चालली. रेगच्या थडग्यापुढे आली आणि तारा तिच्या मुठींत जिवंत झाल्यासारख्या वळल्या. तिच्या अंगावर काटा आला. आपण हात हलवला नाही, हे तिला शपथेवर सांगता आलं असतं. आणि तिनं ते सांगितलंच, सगळ्यांच्या देखत.

"मी नाही हलवल्या."

झालं. बाईंच्या हातातसुद्धा वळल्या म्हटल्यावर शंका घ्यायला उरलं कोण?

सोमवारी पंचायतीची सभा भरली. रस्त्याकडेचं कुंपण छाटणं, बसथांब्याचं गळकं छत, कुत्र्यांच्या घाणीची पेटी, असं करत करत विषय दफनभूमीवर आला. रेगच्या शेजारची जागा त्याची बायको ऑड्री हिच्यासाठी राखलेली होती. रेगला तिथं ठेवला त्याच दिवशी पंचायतीनं तिला तसा शब्द दिला होता. थडगी खणणाऱ्या माणसानं सुचवलं, की मी लोखंडी सळई खुपसून बघतो. जमीन पूर्वी कधी खणलेली असली तर सळईला लगेच कळतं, नेहमीचंच काम आहे.

"आईच्या कुशीत सळई खुपसणार?" कॉलिन म्हणाला. "लाज वाटत नाही?"

त्या माणसाला खरंच लाज वाटली आणि तो खाली बसला. खरं तर त्या खोलीत शहाणपणाचं बोलणारा तेवढा एकच होता. त्या जागी यापुढे कुणालाही पुरू नये, असा ठराव एकमतानं झाला. सगळ्यात आधी वर गेलेला हात जिलियनचा होता.

ऑड्रीला सांगायला तीच गेली. ऑड्री चौऱ्याऐंशीची, हृदय थकलेलं, आणि त्याबद्दल डॉक्टरांनी तिला आडपडदा न ठेवता सांगितलेलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या नवऱ्याच्या शेजारी कुणी बाई आहे म्हणतेस?"

जिलियननं घाईघाईनं सांगितलं, की ती फार जुनी आहे, शेदोनशे वर्षांपूर्वीची असेल. पंचायतीनं दुसरी छान जागा काढली आहे, कुंपणाजवळ, पाण्याच्या नळाच्या पलीकडे.

"रेगला कळलं असतं तर बिचारा मेल्यावरसुद्धा लाजला असता," ऑड्री म्हणाली. "आणि मी नळापाशी. एकटी."

जिलियननं तिचा हात थोपटला आणि घरी आली. कर्तव्य पार पडलं असं वाटून तिनं जेवणही नीट केलं. पुढे हेच जेवण आठवलं की तिला मान वर करवेना.

मग गावाला भरतं आलं. त्या नसलेल्या आईसाठी फुलं आली, कागदी भिरभिरी आली, कापडी अस्वलं आली. कॉलिननं ओकच्या लाकडाचा सुबक क्रूस घडवून त्यावर 'अज्ञात आई आणि बाळ' असं कोरलं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रानं फोटो छापला. परगावच्या मोटारी यायला लागल्या. जिवंतपणी ज्या गावानं एखाद्या लेकुरवाळ्या आईला बसमध्ये जागा दिली नसती, ते गाव हवेतल्या बाईसाठी रुमाल भिजवत होतं.

ऑड्री दर रविवारी घडीचं स्टूल घेऊन रेगपाशी बसायला यायची. एका रविवारी परगावच्या एका बाईनं तिला हटकलं. जरा तिकडे बसा ना आजी, म्हणाली, तुमचं स्टूल आईच्या अंगावर येतंय. ऑड्री स्टूल उचलून वाटेवर जाऊन बसली. जिलियन फाटकापाशी उभी होती. तिनं हे पाहिलं, ऐकलं, आणि तोंड उघडलं नाही. काय बोलणार होती? तारा तिच्याही हातात वळल्या होत्या.

डिसेंबरात ऑड्रीनं जिलियनला आणि डेसमंडला चहाला बोलावलं. म्हातारी समजुतीनं घेतेय, या कल्पनेनं जिलियनला बरं वाटलं. केक झाला, दुसरा कप झाला, आणि ऑड्री त्यांना मागच्या बागेत घेऊन गेली. सफरचंदाच्या झाडाखाली मातीचा लहानसा उंचवटा होता. त्यावर एक पांढरा दगड आणि दगडाशी हिरवी डहाळी.

"डेसमंड, जरा बघता का?" ऑड्री म्हणाली. "माझी स्मरणशक्ती गेली हो. इथं कोण आहे ते आठवेना."

डेसमंडला तेवढंच हवं होतं. तारा बाहेर आल्या, डोळे मिटले, पाय घासू लागले. उंचवट्यापाशी तारा अचूक एकमेकींवर पडल्या.

"कुत्री," तो हळुवारपणे म्हणाला. "म्हातारी होती. मागचे पाय दुखायचे तिचे. पण तुमच्यावर फार जीव होता, मिसेस टकवेल. अजून आहे."

ऑड्रीनं भिंतीला टेकवलेलं खुरपं घेतलं, गुडघ्यांवर बसली आणि उकरायला लागली. माती गेली, वाळू लागली. वाळूतून तिनं एक लांबलचक गाजर उपसलं. मग दुसरं. मग तिसरं.

"हिवाळ्यासाठी ठेवते मी वाळूत, चांगली टिकतात," ती म्हणाली. "कुत्रं आमच्याकडे कधीच नव्हतं. रेगला दमा होता."

जिलियनचा चेहरा कानापर्यंत तापला. रेगचा दमा तिला ठाऊक होता. साऱ्या गावाला ठाऊक होता. रेग गावची बस चालवायचा आणि कुणी कुत्रं घेऊन चढलं की शिंकून शिंकून बस बाजूला घ्यायचा. म्हातारीनं पाणाड्याला फसवलं नव्हतं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट तेवढी मध्ये ठेवली होती. तरी गाजर बाहेर येईपर्यंत जिलियनलासुद्धा त्या कुत्रीबद्दल वाईट वाटत होतं.

डेसमंड गोरामोरा झाला. इथं पूर्वी कधीतरी असेल, असं काहीबाही म्हणाला.

"तारा दे इकडे," जिलियन म्हणाली.

ती उंचवट्याकडे चालत गेली. तारा वळल्या. खाली गाजरं आहेत हे डोळ्यांनी बघूनही वळल्या. मग तिनं ऑड्रीला चहाचं फडकं डोळ्यांवर बांधायला सांगितलं आणि स्वतःला गरगर फिरवून घेतलं. आता तारा वळल्या कोबीच्या वाफ्यात. मग कपड्यांच्या दांडीखाली. उंचवट्यावर तर ती अडखळली, तरी तारा ढिम्म.

फडकं सोडून ती बागेतल्या बाकावर बसली आणि तारेकडे बघत राहिली. मुठीत सैल धरलेली तार, पुढचं टोक लांब आणि जड. मूठ केसभर कलली की टोक उतार शोधतं आणि वळतं. चौकट कललेली असली की दार आपोआप लागतं, तसंच. हे तिनं मुलांना दाराचं उदाहरण देऊन शिकवलं होतं. आणि मूठ कलते, कारण आता इथं वळायला हवं हे मनानं आधीच ठरवलेलं असतं. मनाचं हाताला कळतं, हाताचं मनाला कळत नाही. एवढंच. भूत नाही, लहर नाही, जमीन बोलत नाही. जमिनीच्या नावावर आपणच बोलतो.

"मी खोटं बोललो नाही," डेसमंड म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच साध्या माणसासारखा आला.

"मीही नाही," जिलियन म्हणाली. "म्हणून तर सगळ्यांनी ऐकलं."

पुढच्या शनिवारी तिनं गावाला पुन्हा दफनभूमीत बोलावलं. डेसमंड आला, हे त्याचं मोठेपण. त्याच्या डोळ्यांवर जिलियननं स्वतःच्या हातानं पट्टी बांधली आणि त्याला दंडाला धरून हळूहळू फिरवलं. तारा खडीच्या वाटेवर वळल्या, जिथं कुणालाच पुरलेलं नव्हतं. नळापाशी वळल्या. आणि अख्ख्या गावानं मातीत ठेवलेल्या रेग टकवेलवरून डेसमंड सरळ चालत गेला, तेव्हा त्या जागच्या हलल्या नाहीत. शेजारच्या अज्ञात आईवरूनही तो तसाच गेला.

जिलियननं गाजरांची गोष्ट सांगितली, कललेल्या मुठीची सांगितली. कुणी हसलं नाही.

"मग आम्ही रडलो ते?" कॉलिननं विचारलं.

"रडणं खरं होतं, कॉलिन. पण ते ऑड्रीच्या वाट्याचं होतं. आपण तिच्याकडून तिची जागा काढून घेतली, आणि ठरावाला पहिला हात माझा होता. शिकवायचं काम माझं, आणि मीच आधी फसले. मला तुमची नाही, तिची माफी मागायची आहे."

तिनं ती सगळ्यांसमोर मागितली. ऑड्री स्टुलावर बसून होती. लोक मान खाली घालून अस्वलं आणि फुलं उचलू लागले, कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. परगावच्या बाईसारखं वागणारे गावातही बरेच होते, आणि आज त्यांना ते आठवत होतं.

"फुलं टाकू नका," ऑड्री म्हणाली. "रेगकडे सरकवा. आयुष्यभर तुमची बस चालवली त्यानं, एक फूल दिलं नाहीत त्याला."

सोमवारी पंचायतीनं ठराव मागे घेतला. सळईवाल्याला बोलावलं, त्यानं सळई खुपसली, आणि खाली घट्ट, कधीच न हललेला खडूच्या दगडाचा थर लागला. तिथं कुणाला कधी पुरलेलंच नव्हतं.

ऑड्री मार्चमध्ये गेली, झोपेतच. रेगच्या शेजारी खड्डा खणला त्या सकाळी जिलियन एकटीच लवकर आली. पट्टी बांधून झाली होती, गाजरं बघून झाली होती, सळईनं कौल दिला होता, सारं तिनं स्वतः गावाला समजावलं होतं. तरी ती खड्ड्याच्या काठाशी गेली आणि वाकून आत पाहिलं. शुभ्र खडू, मध्ये मध्ये गारगोट्या, निर्मळ.

"काय शोधताय, बाई?" खणणाऱ्यानं खालून विचारलं.

एवढं सगळं होऊनही आपण खात्री करायला वाकलो, ही लाज तिला सगळ्यात जास्त लागली.

पण तिनं ती लपवली नाही. पुढच्या सभेत बाकीच्या विषयांआधी ती उभी राहिली आणि खड्ड्यात डोकावल्याचंही सांगून मोकळी झाली. म्हणाली, कुणाच्या हातात तार वळली तर जमिनीकडे बघू नका, आधी हाताकडे बघा. डोळे बांधून बघा, सळई घालून बघा, उकरून बघा, विचारणाऱ्याला लाजवू नका. आणि हात आपलाच असला तर दोनदा बघा.

मग कुंपण छाटण्याचा विषय निघाला.