व्हर्ना बाईंच्या कचेरीतली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. ओकच्या लाकडातून मला घडवलं आणि ओहायोतल्या एका लहान गावी, व्हर्ना बाईंच्या कचेरीत आणून ठेवलं. बाई लोकांचे आयकराचे कागद भरून देत. समोर बसणारा माझे हात घट्ट धरून बसे. "या खुर्चीत बसलं की जरा धीर येतो," असं कुणी म्हटलं, की मला फार बरं वाटे.

एका एप्रिलमध्ये छपरांची कामं करणारा रॉयस आपल्या मुलीला, डेल्फिनला, घेऊन आला. तिला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली होती. तो बसला, ती मागे उभी राहिली.

बाई म्हणाल्या, "शिष्यवृत्ती फीपोटी धरली, तर तिला कर नाही, पण रॉयस, तुलाही सवलत नाही. राहण्या-जेवणापोटी धरली, तर तिला कर पडेल. मग फी घरातून भरली असं होतं, आणि तिला पडेल त्याहून तुझा कर बराच जास्त वाचतो. कायद्यात बसतं हे. फक्त वाचलेल्यातून तिचा कर तू भर."

"भरणार की. पोटची पोर आहे माझी."

डेल्फिनने आपल्या कराच्या कागदावर सही केली.

सरकारकडून परत आलेल्या पैशांत रॉयसने आपल्या होडीला नवं इंजिन बसवलं. मुलीने तिच्या कराची आठवण करून दिली तेव्हा म्हणाला, "सही कुणाची आहे? मग भर तूच."

तिने वसतिगृहासाठी ठेवलेले पैसे करात भरले. खोली गेली, कॉलेज सुटलं, आणि ती कोंबड्या कापायच्या कारखान्यात लागली. हे सगळं तिने माझ्यावर बसूनच बाईंना सांगितलं. ती रडली नाही. तिच्या हातांना ब्लीचचा वास येत होता.

पुढच्या एप्रिलला रॉयस एकटाच आला.

"पोरीच्या फीपोटी यंदा मला किती सुटतील?"

"काही नाही. ती शिकत नाही आता."

"मग तिला पोसून मला मिळालं काय?"

बाईंनी आपल्या कामाचे पैसे मोजून घेतले. उठताना त्याने मला लाथ घातली आणि माझा मागचा पाय मोडला. दुसऱ्याच दिवशी माझ्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची आली. तेव्हापासून मी तळघरात ओल खात पडून आहे.

मित्रांनो, ज्याच्यावर आपला भार टाकाल, त्याला जपा. डेल्फिनला फार काही नको होतं. मलाही एक खिळा आणि थोडा सरस पुरला असता.