गुरुवारचा गट

स्पीच थेरपिस्ट मॅडमच्या दवाखान्यात फोन घेणं, वेळा देणं आणि खुर्च्या मांडणं ही सगळी कामं एकच बाई करायची. येणारे सगळे तिला ताई म्हणत. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या, मधे एक पातळ दार. दर गुरुवारी संध्याकाळी आतल्या खोलीत बोलताना अडखळणाऱ्या मोठ्या माणसांचा गट भरायचा. भरायचा म्हणजे, आठ खुर्च्या मांडल्या तर तिघं यायची.

कारण ताईला ठाऊक होतं. गटात यायचं तर आधी फोन करून नाव नोंदवावं लागे. फोन वाजायचा, ताई उचलायची. पलीकडे कुणीतरी श्वास घ्यायचं, एखादं अक्षर ओठाशी येऊन अडकायचं आणि फोन बंद व्हायचा. "असा फोन आपण ठेवायचा नाही," असं मॅडमनी तिला नोकरीच्या सुरुवातीलाच बजावलं होतं. ताई कधीच ठेवायची नाही. पण बहुतेक वेळा समोरचाच धीर सोडायचा.

एकदा जेवताना तिनं हे धाकट्या दिराला सांगितलं. दीर कॉम्प्युटरवाला.

"वहिनी, ज्याला बोलायची धास्ती आहे त्यालाच तुम्ही बोलून नाव नोंदवायला लावता?" तो म्हणाला.

जेवण होताच त्यानं ताटं बाजूला सारून लॅपटॉपवर ऑनलाइन फॉर्म बनवला. नाव, कुठला गुरुवार, संपलं. खुर्च्या भरल्या की फॉर्म आपोआप बंद. आणि नोंद झाली रे झाली की ताईच्या आणि मॅडमच्या, दोघींच्या कॅलेंडरमध्ये ती दिसणार.

मॅडमना ते फारसं रुचलं नाही. "फोन करणं हीच तर त्यांची पहिली लढाई. आपण पळवाट काढून देतोय."

"मॅडम, माणूस दारापर्यंत आलाच नाही तर लढणार कोण?"

मॅडमनी पेनच्या टोपणाची उघडझाप केली. "बरं. करून बघू."

फॉर्मची लिंक दवाखान्याच्या वेबसाइटवर टाकली आणि गट भरू लागला. एक शिंपी आला, एक गणिताच्या बाई आल्या, एक टॅक्सीवाला आला. टॅक्सीवाला म्हणाला की दवाखान्याचा नंबर त्याच्याकडे कित्येक वर्षं होता. ते चार शब्द बोलायला त्याला बराच वेळ लागला, आणि ताई पातळ दाराआड कागद लावता लावता थांबली. यातलेच काही श्वास आपण ऐकलेले असणार, असं तिच्या मनात आलं.

मग एका गुरुवारी घोटाळा झाला.

मॅडमच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मॅडमनी दिवसाच्या वेळा पुढे ढकलल्या होत्या. संध्याकाळी गटापुरतं येणार होत्या. ताई दुपारी कॅलेंडर बघते तर संध्याकाळ कोरी. आईमुळे मॅडमनी गटही पुढे ढकललेला दिसतो, असं तिला वाटलं. ऑपरेशनच्या वेळी फोन करून कशाला त्रास द्यायचा, म्हणून तिनं विचारलं नाही. दवाखान्याचा फोन स्वतःच्या मोबाइलवर वळवला, कुलूप लावलं आणि घरी गेली.

ती भाजी निवडत असताना मोबाइल वाजला. पलीकडे श्वास. मागे जिन्यात घुमतात तसे पायांचे आवाज.

"मी ऐकतेय," ताई म्हणाली. "सावकाश."

"द...," आवाज अडकला. सुटला. पुन्हा अडकला. ताई निवडलेली भाजी हातात धरून उभी राहिली. तिला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मागे माणसं होती हे कळत होतं, पण त्यातलं कुणीही मधे पडून त्याचं वाक्य पुरं करत नव्हतं.

"दार बंद आहे, ताई. आम्ही स... सगळे जिन्यात आहोत." आवाज शिंप्याचा होता.

ताईनं भाजी तिथंच टाकली. "आलेच मी," म्हणत तिनं चपला पायात सरकवल्या.

ती पोचली तेव्हा आठही जण पायऱ्यांवर बसले होते आणि चक्क हसत होते. फोन कुणी करायचा यावरून केवढी वादावादी झाली ते गणिताच्या बाईंनी सांगितलं. प्रत्येकाचं म्हणणं, शेजारच्याचं बोलणं आपल्यापेक्षा बरं आहे. शेवटी शिंपी म्हणाला होता, "द्या इकडे. माझी फजिती बघायला आज माणसं त... तरी आपली आहेत."

मॅडमचा फोन लागत नव्हता. परत जा म्हणायचं ताईच्या जिवावर आलं. तिनं दार उघडलं, खुर्च्या मांडल्या, आणि मॅडमशिवायच गट भरला. मधलं दार तिनं ओढून घेतलं. आतून येणारे आवाज थांबत होते, निघत होते. घाई कुणालाच नव्हती.

रात्री मॅडमचा फोन आला. आई ठीक होती. मॅडम मात्र ओशाळल्या होत्या. घरच्यांना आपल्या वेळा कळाव्यात म्हणून त्यांनी घरचं कॅलेंडरही फोनला जोडलं होतं. त्यामुळे गट दोनदा दिसू लागला. एक जास्तीचा समजून त्यांनी पुसला, तर दोन्ही गेले, ताईच्या कॅलेंडरमधूनही. सकाळपासून डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि संध्याकाळची आठवण फोननं करून दिली नाही.

"फोन केला कुणी?" त्यांनी विचारलं. ताईनं सांगितलं.

"बघ, फोन करणंच महत्त्वाचं होतं."

"हो. पण फॉर्म नसता तर ते जिन्यात एकत्र बसलेच नसते."

मग मॅडम म्हणाल्या, "दिराला सांग, माझ्या फोनवरून काही पुसता येणार नाही असं कर. माझा भरवसा नाही."

दिरानं तसं केलं. पुढच्या गुरुवारी मॅडमनी सगळ्यांची माफी मागितली. टॅक्सीवाल्यानं हात वर केला आणि विचारलं, मॅडम नसताना असा अजून एक वार ठेवता येईल का. मॅडमचा चेहरा क्षणभर पडला. मग त्या हसल्या आणि ताईकडे वळून म्हणाल्या, "सोमवार मोकळा आहे का बघ."

सोमवारचा गट सुरू झाला. त्याची किल्ली शिंप्याकडे असते. एखाद्या सोमवारी काम नसलं तरी ताई थांबते, बाहेरच्या खोलीतला दिवा मालवते आणि आतलं बोलणं ऐकत बसते. एवढ्या सावकाश तिच्याशी घरी कुणी बोलत नाही.