पन्नास नंबरचे बूट

मेसरोपच्या मापाचे बूट कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. पन्नास नंबर म्हणजे काय चेष्टा आहे? सबंध ग्युमरी शहरात ते एकच माणूस शिवतो, होवाक मोची, आणि तोही दरवेळी कुरकुर करत, की एवढ्या कातड्यात एका कुटुंबाची हिवाळ्याची सोय झाली असती. सोळा वर्षं मेसरोप त्याच्याच लाकडी टाचांवर उभा राहून वजनं उचलत आला. आता त्याला चौतिसावं लागलं होतं, अंगाने एकशे अठ्ठावन्न किलो भरत होता, आणि वेटलिफ्टिंग संघटनेच्या अध्यक्षांचा त्याच्या बुटांवर डोळा होता.

आमच्याकडे वजन उचलणारा माणूस खेळ सोडतो तेव्हा मंचावरच बूट काढून ठेवतो आणि मोज्यांनिशी चालत जातो. लोक उभे राहतात, बायका डोळे पुसतात, सगळं कसं छान होतं. फक्त ज्याचे बूट असतात त्याला ते पटलेलं असावं लागतं.

चूक मेसरोपचीही होतीच. वसंतात त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि महिन्याभराने अध्यक्ष चिलिंगार्यानांनी त्याला जेवायला बोलावलं. भाजलेलं मांस, गरम लवाश रोट्या, तुतीची दारू, सगळा थाट होता. तिसऱ्या पेल्याला अध्यक्ष उभे राहिले.

"मेसरोप जानने देशाला खूप दिलं. शरदात आपल्याच गावात राष्ट्रीय स्पर्धा आहे. तिथे तो मानाने बूट ठेवील. त्या बुटांसाठी पिऊ या."

सगळे उठले. मेसरोपही कुबडी बगलेत धरून उठला आणि गोंधळात त्याने पेला रिकामा केला. आमच्याकडे पेला रिकामा केला म्हणजे शब्द दिला. मग दुसऱ्या दिवशी 'मी विचारात होतो, माझं डोकं दुखत होतं' असल्या सबबी चालत नाहीत.

घरी जाताना गाडीत त्याच्या ध्यानात आलं, की कुणीच पेल्याला पेला टेकवला नव्हता. चौदा माणसं टेबलाला होती आणि साधं किण्ण वाजलं नव्हतं. पेले न टेकवता आम्ही फक्त मेलेल्या माणसांसाठी पितो. अध्यक्षांचा हात पुढे न येता छातीशीच राहिला आणि बाकीच्यांनी त्यांचं बघून आपापले हात आवरले. मुद्दाम केलं नसेल. कुबडीवरचा माणूस बघून हात आपसूकच मागे गेले असतील. त्याला तेच जास्त झोंबलं.

"मला जिवंतपणी पुरलं रे त्यांनी," सकाळी होवाकच्या दुकानात बसून तो म्हणाला.

होवाकने ओठांतले खिळे न काढता विचारलं, "जेवण तरी बरं होतं का?"

"होवाककाका, मी चेष्टा करत नाहीये."

"मीसुद्धा नाही. माझ्या मयताला लोक उपाशी गेले तर मला वाईट वाटेल." मग त्याने खिळे हातावर काढले. "शब्द दिलायस ना? मग बूट ठेवावे लागतील. पण त्याआधी काय उचलायचं, त्याबद्दल कुणी पेला उचलला होता का?"

त्या दिवसापासून मेसरोपने कुबडी माळ्यावर टाकली. सबंध उन्हाळा तो सुरेनकाकांच्या, म्हणजे त्याच्या प्रशिक्षकांच्या, हाताखाली घाम गाळत राहिला. सुरेनकाका साठीचे, तिरसट, कौतुकाचा शब्द तोंडातून काढायला कंजूष. ऑगस्टात एकदा होवाक तालमीला आला, पाठीमागे उभा राहून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "उजवा पाय बारीक झालाय. टाच त्या बाजूला खाली बसते, म्हणून गुडघा बाहेर पळतो. नवे बूट करतो, उजवी टाच आगकाडीच्या जाडीइतकी उंच."

"नवे बूट घालून कुणी स्पर्धेत उतरतं का? वेड लागलंय?" मेसरोप म्हणाला. खरंच, कुणीच उतरत नाही. नवं कातडं आयत्या वेळी दगा देतं, हे तालमीत पहिल्या आठवड्यात शिकवतात.

"नको घालूस. मी करणार," होवाक म्हणाला.

स्पर्धेच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. मंचाशेजारी लाल मखमल घातलेलं एक टेबल मांडलं होतं, बुटांसाठी. त्यावर भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ, आणि घड्याळात मेसरोपचा फोटो. काटे नेमके त्याच्या नाकातून निघाले होते. युरोपच्या स्पर्धेला या वजनगटातून एकच माणूस जाणार होता आणि अध्यक्षांच्या लेखी ते नाव ठरलेलं होतं: झावेन, वय बावीस, पोरगा चांगला, त्याचा यात काडीचा दोष नाही. मेसरोपला मात्र ती एक जागा हवी होती. तिच्याखेरीज दुसरं काही नको होतं.

स्नॅचमध्ये, म्हणजे एका झटक्यात डोक्यावर उचलण्यात, झावेन चार किलोंनी पुढे गेला. जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यावर घेऊन मग वर ढकलण्यात, मेसरोपने पहिल्या खेपेला दोनशे बावीस उचलले. झावेनने शेवटी दोनशे तीस उचलून आपलं काम संपवलं. आता दोन्हींच्या बेरजेत त्याला मागे टाकायचं तर दोनशे पस्तीस हवे होते. सुरेनकाकांनी तेवढेच लिहून दिले. दोन खेपा उरल्या होत्या.

त्यातल्या पहिलीत बार खांद्यावर आला, मेसरोप उठला, वर ढकलला, आणि उजवा गुडघा बाहेर पळाला. बार धाडकन पुढे पडला. हॉल हळहळला. ते हळहळणं त्याला पडण्यापेक्षा वाईट वाटलं.

आपल्याच मागे आपलीच खेप असली की दोन मिनिटं मिळतात. घड्याळ सुरू झालं आणि चिलिंगार्यान माइक घेऊन थेट मंचाच्या कडेला आले.

"मेसरोप जान, बस झालं. आमची मनं तू केव्हाच जिंकलीस. आता तो क्षण आलाय," ते म्हणाले. आवाज अगदी भरून आला होता.

मेसरोपने सुरेनकाकांकडे बघितलं. सुरेनकाका घड्याळाकडे बघत होते. त्यांच्या मागे, पडद्याशी, होवाक काखेत कापडी पिशवी मारून उभा होता.

मेसरोप मंचाच्या कडेवर बसला आणि नाड्या सोडायला लागला. सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या, हुंदके, कॅमेरे. त्याने दोन्ही बूट काढले आणि मखमलीवर न ठेवता अध्यक्षांच्या छातीशी दिले.

"शब्द दिला होता. हे घ्या," तो माइकात म्हणाला. "होवाककाका, आण इकडे."

पंचाहत्तरीचा होवाक गुडघ्यांवर बसला आणि नव्या बुटांच्या नाड्या आवळू लागला, कारण एवढं पोट असताना घाईत वाकणं मेसरोपला जमत नाही. "हे काय चाललंय?" चिलिंगार्यान म्हणाले. एका हातात माइक, दुसऱ्या कवेत सोळा वर्षांच्या घामाचे बूट. पंचांनी त्यांना मंचापासून दूर व्हायला सांगितलं.

"चावतायत," मेसरोप पुटपुटला.

"चावू देत. झोप नाही लागणार," होवाक म्हणाला.

बावीस सेकंद उरले होते. मेसरोपने हाताला खडू फासला, बार धरला. उचलला. खांद्यावर आला. तो खाली बसला आणि बराच वेळ बसलेलाच राहिला, मग इंचाइंचाने उठला. श्वास घेतला आणि ढकलला. उजवा पाय मागे जाऊन पडला आणि तिथेच रुतला. गुडघा हलला नाही. बार डोक्यावर स्थिर झाला, खेप मान्य झाल्याचे पंचांचे तीन पांढरे दिवे लागले, तरी त्याने लगेच टाकला नाही. चिलिंगार्यानांना नीट बघता यावं म्हणून मान वळवून उभा राहिला.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत होवाकने तुतीची बाटली काढली. पायांना फोड आलेला मेसरोप बाकावर पसरला होता. सुरेनकाका एवढंच म्हणाले, "डावं कोपर जरा ढिलं होतं." तेवढ्यात दारात अध्यक्ष आले. बूट अजून त्यांच्याच कवेत होते, ठेवायचे कुठे ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"तू आमची फजिती केलीस," ते म्हणाले.

"शब्द मोडला का मी?"

त्यांनी बुटांकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. होवाकने एक पेला त्यांच्या हातात दिला. चिलिंगार्यान घसा खाकरून म्हणाले, "बरं. युरोपसाठी." आणि सवयीने पेला ओठांकडे नेला.

मेसरोप बाकावरून उठला. दुखऱ्या पायांनी दोन पावलं पुढे आला, आपला पेला त्यांच्यासमोर धरला आणि तसाच धरून राहिला.

"टेकवा, साहेब," तो म्हणाला. "मी अजून आहे."

अध्यक्षांनी बूट बाकावर ठेवले आणि टेकवला. किण्ण वाजलं.