तो मासा मी सोडला नव्हता

एप्रिल सरता सरता उत्तर जपानातल्या आमच्या कुश्शारो तलावावरचं बर्फ फुटतं आणि बारीक मासे अंडी घालायला काठाशी येतात. त्यांच्या मागावर मोठे ट्राउट येतात आणि ट्राउटच्या मागावर आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तोकुझो दाजी. अकरा वर्षांत आमचा एकही वसंत चुकला नव्हता.

त्या सकाळी दाजी माझ्यापासून वीस पावलांवर, कमरेइतक्या पाण्यात उभे होते.

"हिसानोरी, तुझा गळ टाकणं बघून मासे हसतायत बघ," ते म्हणाले.

तेवढ्यात माझी गळाची काठी वाकली. मासा एकदाच पाण्याबाहेर आला. एवढा ट्राउट मी जन्मात पाहिला नव्हता.

"हिसा, पाय निसटला रे. इकडे ये," दाजींची हाक आली.

मी ऐकलं. मान वळवून पाहिलंसुद्धा. दाजी पुढे खोल पाण्यात गेले होते. त्यांची टोपी आणि एक हात दिसला. "आलो, आलो," म्हणालो आणि रीळ गुंडाळत राहिलो. उभे राहतील असं वाटलं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तेव्हा काहीच वाटलं नाही. मासा दमत आला होता, एवढंच दिसत होतं.

मग गळाची दोरी आपोआप तुटली. आणि मग मी धावलो.

कॉलर धरून त्यांना काठावर ओढलं तेव्हा ओठ निळे पडले होते. दाजी वाचले, पण गार पाण्याने हृदय कायमचं अधू झालं. डॉक्टरांनी त्यांचा तलाव बंद केला.

शुद्धीवर आल्यावर ते ताईला म्हणाले, "ह्याने दोरी कापली गं. एवढा मासा हातचा सोडला माझ्यासाठी."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. लहानपणी माझे कान पिळणारी किमिए ताई आभार मानायला माझ्यापुढे कमरेत वाकली. वाकलेलीच राहिली.

गोष्ट गावभर झाली. हमामखान्यात लोक मला जागा करून देऊ लागले. दाजींच्या तोंडी मासा दर महिन्याला वीतभर वाढत होता.

पुढच्या वसंतात मी काठी बाहेर काढलीच नाही. ताईकडे गेलो. ती स्वयंपाकघरात रानभाजीचे देठ सोलत होती. मी सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. "किती वेळ?"

"तीसपर्यंत मोजता येईल एवढा. जास्तही असेल."

"त्यांनी हाक मारल्यानंतर?"

"हो."

तिने आणखी दोन देठ सोलले. मग म्हणाली, "त्यांना सांगू नकोस."

"ताई, मला हे पोटात ठेवून जगता येत नाही."

"मग नको जगूस सुखाने. तलाव गेला, तेव्हापासून ती गोष्ट सांगतानाच ते हसतात. तेवढंही काढून घेणार आहेस?"

बाहेरच्या खोलीतून दाजींची हाक आली. शेजारचे पाहुणे आले होते. "हिसा आलाय ना? पाठव त्याला. हे म्हणतायत, मासा एवढा नसतो."

ताईने चहाचं तबक माझ्या हातात दिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी बाहेर जाऊन बसलो. दाजींनी दोन्ही हात फाकवून माप दाखवलं आणि विचारलं, "एवढा होता की नाही?"

"थोडा मोठाच होता," मी म्हणालो.