डेन्झिलचं नाव

डेन्झिलची बोट खडकांपाशी पालथी सापडली, त्याला पाच आठवडे झाले होते. तटरक्षकांनी चौथ्या दिवशीच शोध थांबवला. त्याच्या आईने, लव्हडेने, मात्र थांबवला नव्हता. रोज भरतीच्या वेळी ती धक्क्यावर जाऊन उभी राहायची.

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या वतीने प्रार्थना वाचायचं काम एकवीस वर्षं तिच्याकडे होतं. आधी राजासाठी, मग समुद्रावर गेलेल्यांसाठी, मग आजाऱ्यांसाठी, शेवटी देवाघरी गेलेल्यांसाठी. गेले चार रविवार ती डेन्झिलचं नाव समुद्रावर गेलेल्यांत घेत होती. ऐकणारे माना खाली घालत.

आज पाद्रीबाई हिलरींनी तिला दारातच गाठलं.

"लव्हडे, आज वाचायचं काम दुसऱ्या कुणाला देऊ या का?"

"का? माझी वाचा बसलीय?"

"काल टॅम्सिन आली होती माझ्याकडे."

टॅम्सिन म्हणजे डेन्झिलची बायको. लव्हडेने पाद्रीबाईंच्या हातातला कागद ओढून घेतला. मुलाचं नाव सगळ्यात खाली, मेलेल्यांत टाईप केलेलं होतं.

"तिने सांगितलं आणि तुम्ही लिहिलंत?"

"ती बायको आहे गं त्याची."

"आणि मी कोण, शेजारीण?"

ती तरातरा आपल्या बाकावर जाऊन बसली. ऑर्गन वाजला, गाणी झाली, प्रवचन झालं. तिच्या कानांत काहीच शिरलं नाही. वेळ आली तशी ती उठली आणि पुढे जाऊन वाचू लागली.

"समुद्रावर असलेल्यांसाठी. डेन्झिलसाठी."

"आई, पुरे करा!"

टॅम्सिन उभी राहिली होती. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं.

"खाली बस."

"नाही बसत. दार वाजलं की मी धावते, आई. पोस्टमन असतो. रोज संध्याकाळी त्याचं ताट मांडते नि उचलते. मला रडायचंय हो, आणि तुम्ही रडूसुद्धा देत नाही."

लव्हडेने कागदावर नजर टाकली. नाव वाचायचा तिने खरंच प्रयत्न केला. ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग टॅम्सिनच पुढे आली, सासूच्या शेजारी उभी राहिली आणि तिने ते नाव वाचलं. डेन्झिल जॉन ट्रेगिअर. चर्चभर लोकांनी हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली.

प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीतली भाकरी घ्यायला, दोघी वेदीपुढच्या कठड्यापाशी शेजारी गुडघे टेकून बसल्या. पाद्रीबाईंनी लव्हडेच्या तळहातावर भाकरीची चकती ठेवली. तिने ती खाल्ली आणि पुन्हा हात पुढे केला.

"त्याची द्या."

"लव्हडे..."

"पाच आठवडे पोटात काही नाही त्याच्या. एवढीशीच तर मागतेय. मी नेऊन देते."

"अशी नाही गं देता येत मला," पाद्रीबाई म्हणाल्या.

"मग कोण देईल? सांगा ना. कुणाकडे जाऊ?"

मागे माणसं रांगेत ताटकळली होती. टॅम्सिनने सासूला दोन्ही हातांनी कवळलं, उठवायला पाहिलं. लव्हडे जागची हलली नाही. शेवटी पाद्रीबाई कठड्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि तिथून वाटू लागल्या. लोक आले, घेऊन गेले. लव्हडेचा हात तसाच पसरलेला होता, आणि टॅम्सिन तिच्या खांद्यावर डोकं टेकून मोठमोठ्याने रडत होती.