आर्वोचा चर

आमच्या गावाला गर्व दोनच गोष्टींचा: सौनाच्या न्हाणीघरातल्या वाफेचा आणि लेम्पीच्या विहिरीचा. वाळूच्या टेकडीवरची ती विहीर तिच्या वडिलांनी खणलेली. त्या पाण्याची कॉफी प्यायला माणसं तीन गावं ओलांडून येत. मी तर शेजारीण, रोज जायची.

लेम्पीचा नवरा आर्वो शहाणा माणूस, म्हणजे स्वतःच्या मते. त्या वर्षी सरकारला दलदली सुकवून पाइनचं रान उभं करायचं वेड लागलं होतं. हेलसिंकीच्या साहेबाने ते आर्वोच्या कानात भरलं आणि त्याच्या अंगातच आलं. चर खणायचं यंत्र टेकडीखाली आलं तेव्हा लेम्पी आडवी आली.

"दलदलीच्या या काठाला हात लावू नकोस. कडाक्याच्या थंडीतही इथलं पाणी गोठत नाही. टेकडीच्या पोटातून येतं ते, आपल्या विहिरीचंच पाणी, बाबा सांगायचे."

"आले मोठे बाबा! अगं, विहीर वर, दलदल खाली. पाणी वरून खाली जातं, शेंबड्या पोरालाही कळतं. खालच्या चराने वरच्या विहिरीचं काय बिघडणार?"

यंत्र बघायला जमलेले सगळे हसले. मीही हसले, त्याची अजून लाज वाटते.

चर झाला, पण दलदल सुकेना. जेवढं तपकिरी पाणी वाहून जाई तेवढं पुन्हा पाझरे. "मुजोर आहे लेकाची," म्हणत आर्वोने चर आणखी खोल केला, पार खालची वाळू लागेपर्यंत. मग पाणी असं उसळलं की यंत्रावरचा गडी टोपी उडवून नाचला.

ऑगस्टमध्ये साहेब चर बघायला आला. भाषणं झाली, मग सगळे आर्वोच्या अंगणात कॉफीला बसले. लेम्पीने कप भरले. साहेबाने घोट घेतला, तोंड जरा वाकडं केलं.

"वा! कडक आहे हो कॉफी."

"कॉफी अजून टाकलीच नाही, साहेब," लेम्पी म्हणाली. "नुसतं पाणी तापवलंय. तुमच्या चरातलं."

पाणी भरायचं ते लेम्पीने, त्यामुळे आर्वो महिनाभर विहिरीकडे फिरकला नव्हता. आता धावला. बादली सोडली, ती खाली कोरड्या वाळूवर आपटली. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"लेम्पी, पाणी गेलं कुठे गं?"

लेम्पीचे डोळे भरले होते, आवाज मात्र कोरडा.

"खाली. शेंबड्या पोरालाही कळतं."