परत आलेले एकोणचाळीस निरोप

मी एक वेबहुक आहे. नाव ऐकून तुम्हाला भिंतीवरचा आकडा आठवला असेल, पण मी तसा दिसत नाही. खरं तर मी दिसतच नाही. मी आहे एक लांबलचक पत्ता, अक्षरं आणि आकडे एकापुढे एक. एका बाजूच्या यंत्राला काही बिनसल्याचं समजलं की ते माझ्या पत्त्यावर निरोप सोडतं, आणि तो निरोप दुसऱ्या बाजूला माणसांच्या फोनवर जाऊन पडतो. मधली वाट म्हणजे मी. माझं आयुष्य एवढंच होतं.

माझा जन्म एचएसआर लेआउट नावाच्या वस्तीतल्या एका लहानशा ऑफिसात झाला. तिथली माणसं माशांच्या टाक्यांवर लक्ष ठेवायची. टाक्या दूर कुठेतरी असत. पाण्यातल्या प्राणवायूचं मोजमाप ऑफिसात येई, आणि तो कमी झाला की फोन करून मालकाला सांगायचं, असा त्यांचा धंदा होता.

मला सुप्रीताने तयार केलं. ती निपाणीची. हळू बोलायची आणि कळफलकही हळूच दाबायची. त्या दिवशी तिने तिचे साहेब अभिजीत यांना विचारलं होतं की ऑफिसच्या नावाचं एक कॉमन अकाउंट मिळेल का, म्हणजे वेबहुक त्यावर करता येईल. अभिजीत म्हणाले, "आत्ता तुझ्याच अकाउंटवर कर. सोमवारी होसकोट्याच्या बाई बघायला येणारेत." म्हणून मी सुप्रीताच्या नावावर जन्मलो. फाइलीतल्या माझ्या ओळीच्या वर तिने लिहून ठेवलं, 'नंतर बदलायचं आहे.' त्या फोल्डरात अशा 'नंतर'च्या ओळी खूप होत्या. मी मोजल्या नाहीत.

सोमवारी होसकोट्याच्या बाई आल्या. त्यांचं नाव मथुरा. सगळे त्यांना मथुराक्का म्हणायचे. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळलेलं असे. एका कारखान्यातलं पॅकिंगचं काम सोडून त्यांनी शेडमध्ये आठ टाक्या बांधल्या होत्या आणि त्यांत तिलापिया मासे वाढवत होत्या. हवा सोडणारी मोटर थांबली तर तासाभरात मासे मरतात. म्हणून दोन वर्षं त्या शेड सोडून कुठे गेल्याच नव्हत्या. सणालाही नाहीत आणि लेकीच्या डोहाळजेवणालाही नाहीत. त्या सोमवारीही शेजाऱ्याला शेडमध्ये बसवून घाईघाईत आल्या होत्या.

"मोटर थांबली तर मला फोन नक्की येतो न्हवं?" त्यांनी विचारलं.

"येतो अक्का," सुप्रीता म्हणाली.

"माझा जावई पण म्हणतो, फोन करतो म्हणून." त्या हसल्या. "स्वल्प करून दाखव बघू."

सुप्रीताने खोटाच एक निरोप माझ्यातून सोडला. सात सेकंदांत तो ऑफिसच्या ग्रुपवर उमटला. सुप्रीताने लगेच फोन लावला आणि मथुराक्कांच्या पिशवीत तो वाजला. त्यांनी समोर बसूनच उचलला आणि "हलो" म्हणाल्या. सगळे हसले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

पुढचे काही महिने मी नेमाने काम केलं. निरोप पोचला की माणसं काय करतात, हे मला तेव्हा समजलं. कोणी अंगठ्याचं चित्र टाकायचं, कोणी 'बघतो' लिहायचं. बघायची मात्र सुप्रीताच. एका मंगळवारी खरोखर मोटर बंद पडली. तिने मथुराक्कांना फोन केला, त्यांनी शेजारची जादा मोटर सुरू केली आणि सगळे मासे वाचले. एक बटण दाबायचं, एवढंच काम होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुप्रीतासाठी चकल्या पाठवल्या. अर्ध्या अभिजीतनी खाल्ल्या.

मग सुप्रीताला दुसरीकडे नोकरी लागली. शेवटच्या दिवशी केक कापला आणि फोटो काढले. तिच्याकडून लॅपटॉप, चार्जर आणि गळ्यातलं ओळखपत्र परत घेतलं. त्यासाठी एक यादी होती आणि प्रत्येक गोष्टीपुढे खूण करायची होती. त्या यादीत मी नव्हतो. सुप्रीताने पुढच्यांसाठी चार पानं लिहून ठेवली होती, त्यांतही मी नव्हतो. ती मला विसरली. मला तिचा राग येत नाही. शेवटच्या दिवशी माणसाच्या मनात बरंच काही असतं.

संध्याकाळी सहा वाजता तिचं अकाउंट बंद झालं, आणि त्याबरोबर माझं पलीकडचं टोकही बंद झालं.

हे कोणाला समजलं नाही, कारण मी मेल्यावर आवाज झाला नाही. ऑफिसचा ग्रुप शांत झाला. नेमकं त्याच आठवड्यात अभिजीतनी क्षुल्लक निरोप येऊ नयेत म्हणून यंत्रात काही बदल केले होते. सोमवारच्या बैठकीत त्यांनी पडद्यावर आकडा दाखवला. दहा दिवसांत एकही निरोप नाही. "बघा, सिस्टीम किती छान बसली," ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ओरडून सांगायचं होतं. पण मी वाट आहे. वाटेला स्वतःचं काही सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी मथुराक्कांच्या नातवाचं बारसं होतं, बसवनगुडीच्या एका हॉलमध्ये. डोहाळजेवण चुकलं होतं. लेक दिव्यश्रीने सांगून ठेवलं होतं की आई, बारशालाही आली नाहीस तर मी बोलणार नाही. मथुराक्कांनी शनिवारी ऑफिसात फोन करून पुन्हा खात्री करून घेतली. अभिजीतनी सांगितलं की दहा-पंधरा दिवसांत साधी तक्रारही नाही, तुम्ही निर्धास्त जा. तरी त्यांनी शेडची किल्ली शेजारच्या फत्तेसिंगकडे दिली. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. मथुराक्कांचा फोन आला की तो जाऊन बटण दाबणार होता.

रविवारी दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी मोटरीची वायर जळाली. पाण्यातला प्राणवायू उतरायला लागला. यंत्राने माझ्या पत्त्यावर निरोप सोडला. तो माझ्यापर्यंत आला, पुढे दार नव्हतं, म्हणून परत गेला. यंत्राने नोंद केली, 'असा पत्ता अस्तित्वात नाही.' पाच मिनिटांनी त्याने पुन्हा पाठवला. तोही परत गेला. यंत्राला कंटाळा येत नाही. फत्तेसिंग चाळीस पावलांवर एका फाटकाला ग्राइंडर लावत होता. त्याच्या खिशात फोन होता आणि किल्लीही होती.

हॉलमध्ये काय झालं ते मला नंतर समजलं. घडलेल्या गोष्टीचा अहवाल ऑफिसात लिहिला गेला, मथुराक्कांनी सांगितलेलंही त्यात होतं, आणि तो माझ्या शेजारीच ठेवला गेला, म्हणून. मथुराक्का पाळणा हलवतानासुद्धा फोन हातात धरून होत्या. कोणी तरी चेष्टा केली की बाळाचं नाव मोबाइल ठेवा. त्या म्हणाल्या, फोन आला नाही म्हणजे सगळं सरी आहे, ठीक आहे, आणि पंगतीला बसल्या.

त्या परत आल्या तेव्हा आठही टाक्यांत मासे उलटे तरंगत होते.

बुधवारी त्या फत्तेसिंगच्या टेम्पोतून ऑफिसात आल्या. फत्तेसिंग आत आला नाही, खालीच थांबला. अभिजीतनी सगळं खरं सांगितलं. यंत्राची नोंदही दाखवली.

"किती वेळा पाठवलं त्यानं?" मथुराक्कांनी विचारलं.

"एकोणचाळीस वेळा, अक्का."

"पहिलं कितीला?"

"एक बारा."

"तवा मी बाळाच्या कानात नाव सांगत होते," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर ओरडायला म्हणून आले होते रे अण्णा. आता नको वाटतंय."

अभिजीत म्हणाले की नवीन वेबहुक केला आहे, या वेळी कॉमन अकाउंटवर. ते अकाउंट मिळायला अर्धा तास लागला. पाच सेकंदांत निरोप येतो, दाखवू का?

"टाकीत पाणी नाही आता," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

त्या पुन्हा कारखान्यात पॅकिंगला जातात. शेडमधली यंत्रं ऑफिसच्या माणसांनी काढून आणली. सुप्रीताला हे कोणी कळवलेलं नाही. कळवून तरी काय होणार?

माझ्या ओळीपुढे आता एक चिन्ह लावलं आहे. त्याचा अर्थ, ही ओळ यंत्राने वाचायची नाही. नवीन वेबहुक चांगला आहे. तो इतर ठिकाणचे निरोप पोचवतो, आणि माणसं त्यावर अंगठा टाकतात. तो कधी गप्प झाला तर कोणी बघेल का, मला माहीत नाही. मला वाटत नाही.

शुक्रवारी होसकोट्याची फाइल पुसायची, असं ठरलं आहे. मीही तिच्यातच आहे. माझ्याबद्दल मी काही मागत नाही. पण त्या फाइलच्या शेवटी एक रकाना आहे, तो कोणी उघडलेला नाही. यंत्राला टाक्यांचे नंबर पुरतात, तरी मथुराक्कांनी सुप्रीताकडून तिथे प्रत्येक टाकीचं नाव लिहून घेतलं होतं. आठ टाक्या, आठ नद्या. कावेरी, तुंगा, भद्रा, हेमावती, शरावती, कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा.

पुसण्याआधी कोणी तरी ती नावं एकदा वाचावीत.